शब्बाथ शाळेचा बालवर्ग कसा घ्यावा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथ शाळेच्या (रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या बायबलच्या वर्गांच्या) बालवर्गाची जबाबदारी बहुधा अचानक अंगावर येते. उपासना संपल्यावर पाळकसाहेब बोलावून सांगतात, "पुढच्या रविवारपासून लहानांचा वर्ग तुम्ही घ्या," आणि हातात धड्यांचे एक पुस्तक पडते. महिन्याभरात तक्रारी सुरू होतात: मुले एका जागी बसत नाहीत, गोष्ट अर्धवट राहते, वचन (पाठ करायला दिलेले बायबलमधील वाक्य) कोणाच्याही लक्षात राहत नाही आणि शिकवणारी व्यक्ती दमून घरी जाते. यात मुलांचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. सुरुवातीची प्रार्थना लांबते, मग तीन-चार गाणी होतात, मग हजेरी, मग मागच्या वचनाची उजळणी, आणि मुलांचा सगळा उत्साह संपल्यावर गोष्टीची पाळी येते. ती गोष्टही संपते न संपते तोच तिच्यावर बोधाचे ओझे चढवले जाते.

पुढील टप्पे चार ते सात वर्षांच्या, साधारण १२ ते १५ मुलांच्या आणि एक तासाच्या वर्गासाठी लिहिले आहेत. उदाहरणासाठी योहानाच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या) ६ व्या अध्यायातील, येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट (वचने १ ते १४) धरली आहे. या वयाच्या मुलांना शिकवण्यात फार मोठा आनंद आहे, पण तो तयारी पूर्ण असलेल्या शिक्षकालाच घेता येतो. तयारी नसलेल्याचे सारे लक्ष 'आता पुढे काय घ्यायचे' याकडे लागलेले असते आणि समोरचे मूल काय म्हणते आहे ते त्याला ऐकूच येत नाही.

टप्पा १: वर्ग स्वीकारण्यापूर्वी मंडळीशी काय ठरवावे

पहिली अट दोन प्रौढ व्यक्तींची आहे. एकट्याने बालवर्ग घेऊ नये, मुले सहाच असली तरी घेऊ नये. एका मुलाला लघवीला न्यावे लागते, दुसऱ्याच्या नाकातून रक्त येते, आणि तेवढ्या वेळात उरलेला वर्ग वाऱ्यावर राहतो. शिवाय कोणत्याही प्रौढाने एखाद्या मुलासोबत बंद खोलीत एकटे असू नये हा नियम मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि शिक्षकाच्याही. वर्गाचे दार उघडे असावे, किंवा दाराला आत दिसेल अशी काच असावी.

दुसरी गोष्ट नोंदवहीची. प्रत्येक मुलाचे नाव, वय, पालकांचा फोन क्रमांक, कोणत्या खाण्याची ॲलर्जी आहे, आणि वर्ग सुटल्यावर त्याला नेण्याची परवानगी कोणाकोणाला आहे, हे लिहून घ्यावे. ॲलर्जीचा रकाना आपल्याकडे हमखास रिकामा राहतो. 'काही नाही' असे उत्तर आले तरी ते लिहावे, म्हणजे प्रश्न विचारला गेला होता हे पुढच्या शिक्षकाला कळते. मुलांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे की नाही, हेही पालकांना याच वेळी विचारून घ्यावे. शेजारपाजारच्या ख्रिस्ती नसलेल्या घरातील मूल मित्राबरोबर वर्गात येऊ लागले तर त्याच्या आईवडिलांना स्वतः भेटून वर्गात काय शिकवले जाते ते स्पष्ट सांगावे आणि त्यांची संमती असेल तरच त्याला बसवावे.

सावधान. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे. असा अपराध घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्याने ती माहिती पोलिसांना देणे या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. मुलाने वर्गात असे काही सांगितले तर शांतपणे ऐकून घ्यावे, खोदून खोदून विचारू नये, आणि 'मंडळीचे नाव खराब होईल' या विचाराने ते दाबू तर मुळीच नये. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. तो नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावा.

टप्पा २: आठवड्याच्या सुरुवातीला उतारा वाचणे आणि एक वाक्य ठरवणे

धड्याच्या पुस्तकापासून सुरुवात करू नये. आधी पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, मूळ उतारा मोठ्याने वाचावा, निदान तीन वेळा आणि वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या वाचनात घटना कोणत्या क्रमाने घडतात ते पाहावे. दुसऱ्या वाचनात डोळ्यांना काय दिसते आणि कानांना काय ऐकू येते ते टिपावे. आपल्या उदाहरणात गालील समुद्राच्या पलीकडचा डोंगर आहे, पुष्कळ गवत आहे, जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत, आणि शेवटी उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या आहेत. तिसऱ्या वाचनात उताऱ्यात काय लिहिलेले नाही ते शोधावे.

हे तिसरे वाचन सर्वांत जास्त वगळले जाते आणि तिथेच चुका होतात. ही घटना चारही शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक आणि योहान) आहे, परंतु भाकरी आणणाऱ्या मुलाचा उल्लेख फक्त योहान करतो. त्याचे नाव, त्याची आई, त्याने भाकरी आपण होऊन दिल्या की येशूचा शिष्य अंद्रिया याने मागून घेतल्या, यातले काहीही उताऱ्यात नाही. 'त्या मुलाने वाटून खाल्ले म्हणून सर्वांनी आपापल्या शिदोऱ्या बाहेर काढल्या' असे स्पष्टीकरण अनेकदा ऐकू येते. तेही उताऱ्यात नाही. तिथे येशू भाकरी घेतो, देवाचे आभार मानतो आणि बसलेल्यांना वाटून देतो, एवढेच सांगितले आहे. नाताळच्या गोष्टीत असेच घडते. बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक तीन होते असे मत्तय सांगत नाही आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायात धर्मशाळेचा मालक कुठेच बोलत नाही, पण आपल्या नाटकांत तो दरवर्षी दोन वाक्ये बोलतो. नाटकात ते चालेल. वर्गात मात्र कल्पनेने भर घालायची असेल तर 'बायबलमध्ये हे लिहिलेले नाही, पण मला असे वाटते' हे शब्द उच्चारूनच घालावी, कारण पाच वर्षांच्या मुलाला शिक्षकाची भर आणि शास्त्राचा शब्द यांतला फरक कळत नाही आणि पुढे कित्येक वर्षे ते दोन्ही एकत्रच लक्षात ठेवते.

मग एका वहीत एकच वाक्य लिहावे. धड्याचा गाभा त्यात यावा आणि ते मुलाला उच्चारता यावे. आपल्या धड्यासाठी ते असे असू शकते: 'येशूच्या हातात दिलेले थोडेही सर्वांना पुरते.' याच उताऱ्यातून आज्ञाधारकपणा, कृतज्ञता, अन्न वाया न घालवणे, वाटून खाणे असे चार-पाच विषय निघू शकतात. ते सगळे खरे आहेत, पण एका रविवारी एकच घ्यावा.

तपासणी. हे वाक्य घरातील एखाद्या लहान मुलाला सांगा आणि तासाभराने त्याला विचारा. त्याला ते स्वतःच्या शब्दांत सांगता आले नाही, तर वाक्य बदला.

टप्पा ३: शब्दांची निवड

आपल्या मंडळ्यांतील बरीच मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण पवित्र शास्त्राची मराठी त्यांच्या कानावर फक्त रविवारी पडते. म्हणून उताऱ्यातील अवघड शब्दांची यादी करावी आणि प्रत्येकासाठी आधीच ठरवावे की हा शब्द ठेवायचा, समजावून ठेवायचा, की या वयासाठी गाळायचा. 'तारू' (नोहाचे मोठे जहाज) हा शब्द ठेवावा आणि चित्र दाखवावे. 'पश्चात्ताप' या शब्दाऐवजी 'चुकलो असे मनापासून वाटून मागे फिरणे' असे सांगावे. जक्कयाच्या गोष्टीतील 'जकातदार' या शब्दावर तर वर्ग हमखास अडतो, कारण या मुलांनी जकात नाका पाहिलेलाच नाही. टोलनाका पाहिला आहे. 'रस्त्यावर लोकांकडून पैसे घेणारा आणि ठरल्यापेक्षा जास्त घेणारा माणूस' असे म्हटले की मुलांना ताबडतोब कळते. 'शिष्य', 'चमत्कार', 'आशीर्वाद' हे शब्द मात्र सोपे करून टाकू नयेत. ते त्यांच्या विश्वासाच्या भाषेतले शब्द आहेत, ते त्यांना मिळालेच पाहिजेत.

मुलांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून वचन रोमन अक्षरांत लिहून देण्याची पद्धत काही ठिकाणी सुरू झाली आहे. ती टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. चार ते सात वर्षांच्या मुलाला वाचण्याची गरज नाही, ऐकण्याची आहे. त्याला चित्रे द्यावीत, आणि देवनागरी अक्षरे फळ्यावर राहू द्यावीत.

टप्पा ४: शनिवारी साहित्य हाताखाली घेणे

साहित्य कमी आणि खरे असावे. आपल्या धड्यासाठी एका टोपलीत पाच लहान ज्वारीच्या भाकरी, एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलेल्या, आणि पुठ्ठ्याच्या कापलेल्या दोन मासळ्या पुरेशा आहेत. उताऱ्यातील भाकरी जवाच्या, म्हणजे सातूच्या होत्या, पण आपल्या मुलांच्या ओळखीची गरिबाची भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची आहे. खरी मासळी वर्गात आणू नये. वासाने अर्धा वर्ग नाक धरतो आणि गोष्ट तिथेच संपते.

हस्तकामासाठी लागणारे कागद शनिवारीच कापून ठेवावेत, प्रत्येक मुलाचा संच वेगळ्या पाकिटात घालावा आणि दोन संच जास्तीचे ठेवावेत, कारण कोणाचा तरी मावसभाऊ आलेला असतोच. नमुन्याची एक वस्तू स्वतः घरी करून पाहावी आणि वेळ मोजावी. प्रौढाला चार मिनिटे लागली तर मुलांना बारा लागतील असे धरून चालावे. कात्री गोल टोकाची, आणि तीही मदतनिसाच्या देखरेखीखाली. तेलखडू, डिंक, जुनी वर्तमानपत्रे आणि ओले फडके एकाच पिशवीत असावे. रविवारी सकाळी मंडळीच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

शेवटी गोष्ट एकदा मोठ्याने, पुस्तक न पाहता सांगून पाहावी. ती दहा मिनिटांत बसली पाहिजे.

टप्पा ५: तासाचा क्रम ठरवणे

एक तासाची विभागणी मी अशी सुचवतो: मूल येताच करायचे काम १० मिनिटे, अर्पण आणि हजेरी ३, एक गाणे आणि छोटी प्रार्थना ५, गोष्ट १०, गोष्टीवरचे बोलणे आणि अभिनय १०, वचन ७, हस्तकाम १२, शेवटची प्रार्थना आणि निरोप ३. गोष्ट विसाव्या मिनिटाच्या आत सुरू झालीच पाहिजे. बाकी सगळे मागेपुढे झाले तरी बिघडत नाही, ही एक वेळ पाळावी.

अर्पण गोष्टीच्या आधी घेण्याचे कारण अगदी साधे आहे. आईने दिलेले नाणे मुलाच्या मुठीत असते. ते दर अर्ध्या मिनिटाला मूठ उघडून बघते, नाणे पडते, सतरंजीखाली जाते, आणि मग दोन मुले ते शोधायला आडवी होतात. नाणे थैलीत गेले की हात मोकळे होतात आणि मनही.

हजेरी नावे पुकारून घेऊ नये. मदतनिसाने डोळ्यांनी पाहून खुणा कराव्यात. पुकारण्यात पाच मिनिटे जातात आणि गैरहजर मुलाच्या नावावर चर्चा सुरू होते.

टप्पा ६: मूल दारात येते तेव्हा

शिक्षकाने पहिले मूल येण्याच्या किमान १५ मिनिटे आधी खोलीत असावे. सतरंजी अंथरलेली असावी आणि तिच्यावर काहीतरी काम मांडलेले असावे: रंगवायचे चित्र, जुळवायचे तुकडे, किंवा आजच्या गोष्टीशी संबंध असलेली एखादी साधी कृती. आपल्या धड्यात प्रत्येक येणाऱ्या मुलाला कागदाचे पाच गोल आणि दोन मासळ्या देऊन त्या मोजायला आणि रंगवायला सांगता येईल. काम नसलेले मूल दोन मिनिटांत धावायला लागते, आणि धावणाऱ्या वर्गाला पुन्हा बसवणे ही त्या दिवसातली सर्वांत अवघड गोष्ट ठरते.

दारात गुडघ्यावर बसून, नावाने हाक मारून स्वागत करावे. रडणाऱ्या मुलाला आईपासून ओढून घेऊ नये. आईला आत बसू द्यावे, आणि दोन-तीन रविवारांनंतर ती आपोआप दाराशी, मग दाराबाहेर बसू लागते.

टप्पा ७: गोष्ट सांगणे

शिक्षकाने खुर्चीवर बसू नये. मुलांबरोबर सतरंजीवर अर्धवर्तुळात बसावे, पाठ भिंतीकडे आणि मुलांची पाठ दाराकडे, म्हणजे येणारा-जाणारा त्यांना दिसत नाही. पवित्र शास्त्र मांडीवर उघडे असावे. मोबाईलवरून वाचू नये, कारण या मुलांसाठी मोबाईल म्हणजे कार्टून आणि खेळ. गोष्ट या पुस्तकातून येते हे त्यांच्या डोळ्यांना दिसले पाहिजे.

सुरुवात प्रस्तावनेने करू नये. 'आज आपण एक फार छान गोष्ट शिकणार आहोत' हे वाक्य वाया जाते. फडक्यात बांधलेली टोपली मध्ये ठेवावी, क्षणभर काहीही बोलू नये, आणि मग सांगावे: "डोंगरावर खूप माणसे आली होती. सकाळपासून आली होती. आता सगळ्यांना भूक लागली होती." पुढे संवाद थेट बोलावेत. अंद्रियाचे वाक्य अंद्रियाच्या आवाजात यावे: "इथे एक मुलगा आहे. त्याच्याजवळ पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत. पण एवढ्यांना त्या कशा पुरणार?" 'पाच भाकरी आणि दोन मासळ्या' हे शब्द गोष्टीत चार-पाच वेळा यावेत आणि दुसऱ्या वेळेपासून मुलांनी ते बोटे दाखवत आपल्याबरोबर म्हणावेत. याच ठिकाणी फडके सोडून भाकरी एकेक करून मोजाव्यात.

पाच हजार हा आकडा या वयाला काहीच सांगत नाही. 'नाताळच्या उपासनेला आपले चर्च भरून लोक बाहेर अंगणात उभे राहतात ना, त्याहून कितीतरी जास्त' असे सांगावे. आणि त्या आकड्यात फक्त पुरुष मोजले होते, बायका आणि मुले वेगळी होती असे मत्तय सांगतो, हेही सांगावे. तिथे त्यांच्यासारखी मुलेही होती हे ऐकताच वर्ग पुढे सरकून बसतो.

शेवट बारा टोपल्यांवर करावा. मग थांबावे. गोष्ट संपल्यावर 'म्हणून मुलांनो, आपणसुद्धा...' हे शब्द तोंडून येऊ देऊ नयेत. बालवर्गात होणारी सर्वांत मोठी आणि सर्वांत सवयीची चूक ती हीच. मुलाच्या मनात डोंगर, गवत आणि भाकरी अजून हलत असतात, आणि आपण मध्येच उपदेश सुरू करून ते चित्र पुसून टाकतो. पाच-दहा सेकंद शांतता राहू द्यावी. कोणीतरी आपण होऊन बोलतेच.

सावधान. भाकरी गोष्टीच्या मधेच वाटू नयेत. एकदा खाणे सुरू झाले की ऐकणे संपते. हस्तकामानंतर प्रत्येकाला एक तुकडा द्यावा, तोही नोंदवहीतील ॲलर्जीचा रकाना पाहून.

टप्पा ८: गोष्टीवरचे बोलणे

दोन प्रकारचे प्रश्न असतात. 'किती भाकरी होत्या?' याला एकच उत्तर आहे आणि ते हुशार मूल सर्वांच्या आधी ओरडून देते. असे एक-दोन प्रश्न पुरेत. खरे बोलणे दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांतून निघते, ज्यांचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसते: त्या मुलाने घरी जाऊन काय सांगितले असेल? तुला या गोष्टीत कुठे बसायला आवडेल? कोणता भाग सर्वांत आवडला? असा प्रश्न विचारल्यावर उत्तर येण्याची वाट पाहावी, आणि आलेल्या उत्तराला 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणू नये, फक्त ते पुन्हा उच्चारावे.

याच वेळी शिक्षकाच्या पदरात खरे दान पडते. एकदा या गोष्टीनंतर पाच वर्षांच्या एका मुलीने विचारले, "भाकरी त्याच्या आईने केल्या होत्या ना? मग उरलेल्या टोपल्यांतली एक तिला दिली का?" भाकऱ्या थापणाऱ्या आईची आठवण वर्गातल्या कोणालाच झाली नव्हती, धड्याच्या पुस्तकालाही नाही. अशा वेळी 'तसे काही लिहिलेले नाही' म्हणून विषय मिटवणे हा त्या मुलीवर अन्याय ठरतो. 'मलाही हे माहीत नाही, आणि आता मीही याचा विचार करीन' एवढे उत्तर पुरे आहे, आणि ते खरेही आहे.

कठीण प्रश्नही येतात. 'देवाने माझ्या आजीला का नेले?' असे विचारणाऱ्या मुलाला 'देवाला ती आवडली म्हणून' असे उत्तर देऊ नये, कारण पुढचा प्रश्न 'मग मी देवाला आवडलो तर?' असा मनातच राहतो आणि रात्री झोप येत नाही. आजीची आठवण येते का ते विचारावे, तिच्याबद्दल बोलू द्यावे, येशू स्वतः आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ रडला हे सांगावे, आणि त्या दिवशी निरोपाच्या वेळी ही गोष्ट आईवडिलांच्या कानावर घालावी. नरकाची भीती दाखवून कोणत्याही मुलाला शांत बसवू नये. दुसऱ्या धर्मातील शेजाऱ्यांविषयी वर्गात एकही उणा शब्द निघू नये. मूल तो शब्द तसाच्या तसा जिन्यावर जाऊन बोलते.

यानंतर अभिनय करावा. एक जण अंद्रिया, एक तो मुलगा, बाकी सारे गवतावर बसलेली गर्दी. येशूची भूमिका कोणाला द्यावी यावरून भांडण होते, म्हणून त्या वेळी शिक्षकाने उताऱ्यातील शब्द वाचावेत आणि टोपली हातोहात फिरवावी.

टप्पा ९: सुवर्णवचन

एका महिन्याला एकच वचन घ्यावे, आणि ते मंडळीत उपासनेला वाचल्या जाणाऱ्या भाषांतरातीलच असावे, म्हणजे मूल आईबरोबर उपासनेला बसल्यावर त्याला आपले वचन ऐकू येते. या धड्यासाठी त्याच अध्यायातील ३५ व्या वचनातील 'मीच जीवनाची भाकर आहे' हे चार शब्द पुरेसे आहेत. आधी अर्थ, मग शब्द: जेवल्याशिवाय आपण जगत नाही, तसेच येशूशिवाय आपण जगत नाही, हे त्याचे म्हणणे दोन वाक्यांत सांगावे. मग प्रत्येक शब्दाला एक हातवारा ठरवावा, दोन गटांनी आळीपाळीने म्हणावे, एकदा कुजबुजत आणि एकदा मोठ्याने म्हणावे, आणि शेवटी एकेक शब्द गाळून त्या जागी नुसता हातवारा करावा.

वचन म्हणणाऱ्याला चॉकलेट देण्याची प्रथा सर्वत्र आहे. ती मोडणे सोपे नाही, पण निदान न म्हणू शकलेल्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. एकेका मुलाला उभे करून म्हणवून घेणे या वयात अजिबात करू नये. सर्वांनी मिळून म्हणावे.

टप्पा १०: हस्तकाम, प्रार्थना आणि निरोप

हस्तकामाचा गोष्टीशी संबंध असावा. भाकरीच्या गोष्टीनंतर फुलपाखरू करण्यात काही अर्थ नाही, ते कितीही सुंदर झाले तरी. कागदाच्या टोपलीत पाच भाकरी आणि दोन मासळ्या चिकटवून मूल घरी गेले की आजोबा विचारतात, 'हे काय?' आणि मूल सगळी गोष्ट पुन्हा सांगते. हस्तकाम त्यासाठीच आहे. म्हणून ते मुलाच्या हातचे, वाकडेतिकडे असू द्यावे. शिक्षकाने सरळ करून दिलेल्या टोपलीबद्दल मूल सांगते, 'टीचरने केली.' मागे नाव लिहायला विसरू नये.

मधेच कोणी दंगा केला तर आधी त्याच्या शेजारी मदतनिसाने जाऊन बसावे, आणि त्याने भागले नाही तर त्याला एखादे काम द्यावे. मारणे, चिमटा काढणे, एकट्याला बाहेर उभे करणे किंवा 'देव रागावेल' असे सांगणे यांतले काहीही करू नये.

प्रार्थना मुलांच्या भाषेत, एकेका वाक्याची असावी. शिक्षकाने म्हणावे, मुलांनी मागे म्हणावे. ज्याला स्वतः एक वाक्य म्हणायचे असेल त्याने म्हणावे, नसेल त्याने हात जोडून बसावे. डोळे मिटलेच पाहिजेत असा आग्रह धरू नये.

तपासणी. निरोपाच्या वेळी मदतनीस दारात आणि शिक्षक आत असावा. प्रत्येक मूल नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीच्याच हातात द्यावे. मंडळीत सगळेच ओळखीचे असतात म्हणून हा नियम ढिला पडतो, आणि म्हणूनच तो कडक पाळावा लागतो.

टप्पा ११: वर्षातील अवघड धडे

काही गोष्टी या वयासाठी वेगळ्या तऱ्हेने सांगाव्या लागतात. नोहाच्या गोष्टीत तारू, प्राणी आणि शेवटचे मेघधनुष्य हा भाग पुढे ठेवावा. बुडालेल्यांचे वर्णन करू नये, पण कोणी विचारले तर खोटेही बोलू नये. दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे आणि दावीदाचा विश्वास यांवर उभी राहते. तिच्यातील तलवारीचा शेवट मोठ्या वर्गासाठी ठेवावा. इसहाकाच्या अर्पणाचा धडा (उत्पत्ती २२, ज्यात वडील अब्राहाम त्याचा बळी द्यायला निघतात) सात वर्षांखालील मुलांना देऊ नये असे मला ठामपणे वाटते, मग तो पुस्तकात छापलेला असला तरी. लहान मूल त्या गोष्टीत स्वतःला इसहाकाच्या जागी पाहते आणि आपल्या वडिलांकडे बघते.

वधस्तंभाची गोष्ट मात्र टाळता येत नाही आणि टाळूही नये. ती थोडक्यात सांगावी, खिळे आणि रक्त यांचे चित्रण न करता, आणि त्याच तासात रिकाम्या कबरेपर्यंत पोहोचावे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, गोष्ट सुरू करून गुड फ्रायडेला थांबवली आणि ईस्टरला मूल गावी गेले, तर त्याच्या लेखी येशू मेलेलाच राहतो.

टप्पा १२: रविवारी दुपारी नोंद करणे

जेवणानंतर, आठवण ताजी असतानाच, वहीत चार ओळी लिहाव्यात: गोष्ट किती वाजता सुरू झाली, कोणत्या ठिकाणी मुले हलू लागली, कोणी काय विचारले, कोणते साहित्य कमी पडले. मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहावेत. याच वहीवरून पुढच्या वर्षी हाच धडा घेणाऱ्याला कळेल की भाकरी दहा आणाव्या लागतात, कारण पाच मोजायला आणि पाच वाटायला.

सलग दोन रविवार न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या रविवारच्या आत फोन करावा, किंवा शक्य असेल तर जाऊन यावे. 'का आला नाही?' असे विचारू नये. त्याच्या वाट्याची कागदी टोपली न्यावी, गोष्ट तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पाच मिनिटांत सांगावी, आणि पुढच्या रविवारी त्याची जागा सतरंजीवर राखून ठेवल्याचे त्याला सांगून यावे.